धारेचे ऋण

एखाद्या वस्तूवर मनापासून प्रेम करावे आणि ती घडवणाऱ्या माणसाविषयी मात्र उदासीन असावे, या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात काय? प्रश्न नवा नाही. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याला पाथरवटाची आठवण होत नाही. पैठणीचा पदर कौतुकाने न्याहाळणारी दृष्टी मागापर्यंत क्वचितच पोहोचते. या जुन्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका लहानशा आणि काहीशा चमत्कारिक वाटणाऱ्या छंदाच्या निमित्ताने करणार आहोत. तो छंद म्हणजे हाताने घडवलेल्या नेपाळी खुकऱ्या जमवणे आणि त्यांना धार लावणे.

दिल्लीच्या आग्नेयेस, यमुनेच्या पलीकडे, १९७६ साली वसवलेले नोएडा हे कारखान्यांचे, कचेऱ्यांचे आणि उंच इमारतींचे शहर. येथे जो तो बाहेरून आलेला. मराठी माणूस तसाच, नेपाळी माणूसही तसाच. अशा शहरात सुट्टीच्या सकाळी चार-सहा शौकीन एकत्र बसतात; समोर जुने धोतर अंथरलेले, त्यावर चार-दोन खुकऱ्या, खरखरीत व गुळगुळीत दगड, तेलाची कुपी आणि चामड्याचा तुकडा. आम्ही या मंडळींपैकीच आहोत. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार हास्यास्पद तरी वाटतो, नाही तर भयावह तरी. ज्यांच्या घरी भाजीसुद्धा चिरलेली येते, त्यांनी हातभर लांबीच्या पात्याला तासन् तास धार लावत बसावे, हे कशासाठी? सभ्यतेच्या आवरणाखाली लपलेली ही हिंसेची आवड तर नव्हे?

आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. खुकरी हे शस्त्र आहेच. डेहराडूनजवळच्या नालापाणी येथे १८१४ साली बलभद्र कुंवर यांच्या थोड्याशा शिबंदीने कंपनीच्या फौजेला महिनाभर थोपवून धरले. जनरल जिलेस्पी तेथेच पडला. पुढे इंग्रजांनी त्या जागी आपल्या मृतांबरोबर शत्रूच्याही स्मरणार्थ स्तंभ उभारला. तेव्हापासून खुकरीचे नाव रणाशी जोडले गेले आणि गोरखा पलटणींबरोबर जगभर गेले. परंतु म्यानातून काढलेली खुकरी रक्त चाखल्यावाचून परत जात नाही, ही जी दंतकथा शौकीन एकमेकांना मोठ्या चवीने सांगतात, ती निव्वळ थाप आहे. नेपाळच्या डोंगरात खुकरी दिवसातून दहा वेळा म्यानातून निघते. सरपण फोडते, गुरांसाठी पाला तोडते, बांबू सोलते, भाजी चिरते आणि पुसून पुन्हा कमरेला लागते. आपल्याकडे विळा, कोयता आणि कुऱ्हाड मिळून जे काम करतात, ते तेथे ती एकटी करते. आपल्या देशातील कायद्यालाही हा भेद करावा लागला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील १९६२ च्या नियमांत, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांत खुकरीचा नाव घेऊन उल्लेख होता. पण घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेले हत्यार त्यातून वगळलेले होते. म्हणजे पाते तेच. निर्णय त्याच्या प्रयोजनावर. मग ज्या पात्याने काहीच कापायचे नाही, त्याचे प्रयोजन कोणते? खुकरीविषयी खरा नैतिक प्रश्न येथून सुरू होतो.

त्याच्या उत्तरासाठी पाते कसे घडते हे पाहिले पाहिजे. पूर्व नेपाळातील भोजपूर, धरान ही गावे या कामासाठी प्रसिद्ध आहेत. आजचे पोलाद बहुधा ट्रकच्या मोडीत निघालेल्या कमानपाट्यांचे असते. कोळशाच्या भट्टीत तापवून घणाखाली त्याला आकार येतो. कोठे सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखा निमुळता, म्हणून 'सिरुपाते'. कोठे रुंद पोटाचा, भोजपुरी धाटणीचा. मुठीजवळ धारेत एक लहान खाच ठेवतात. ती कोणी गाईच्या खुराची खूण मानतो, कोणी त्रिशूळाची, तर कोणी रक्त वा चीक मुठीवर ओघळू नये यासाठीची सोय. शेवटी सर्वांत नाजूक क्षण येतो. लालबुंद पात्याच्या केवळ धारेवर लोहार किटलीने पाण्याची बारीक धार सोडतो. धार कठीण होते, पाठ मऊ व चिवट राहते. म्हणून एकच पाते कापूही शकते आणि आघातही सोसू शकते. यालाच आपल्या भाषेत 'पाणी देणे' म्हणतात. किती लाल झाल्यावर, किती पाणी, किती क्षण, हे तेथे कोणत्याही यंत्रावर मोजलेले नसते; ते डोळ्यांत आणि मनगटात असते.

धार लावणाऱ्याला या मनगटाची ओळख पटू लागते. खुकरीचे पाते आतल्या बाजूस वाकलेले असल्याने ते सपाट दगडावर नुसते ओढून भागत नाही. पाते स्थिर धरून अरुंद दगडच त्याच्यावरून फिरवावा लागतो. धारेचा काठ किंचित फुगीर असतो. तो सपाट घासला तर धार क्षणभर तीक्ष्ण होते आणि पहिल्याच गाठीवर तुटते. विजेच्या चाकावर घाई करावी, तर धारेवर निळी छटा उमटते आणि लोहाराने दिलेले पाणी उतरते. पोटाशी दगड कष्टाने चालतो, टोकाकडे सहज चालतो. यावरून पाणी कोठवर दिले होते ते बोटांना कळते. म्यानात मुख्य पात्याबरोबर दोन लहान पाती असतात. 'कर्द' ही बारीकसारीक कामाची सुरी, आणि 'चकमक' हे बोथट पाते, ज्यावर घासून मुरडलेली धार सरळ करावयाची. आणि पहिला धडा तर धारेचाही नव्हे, म्यानाचा असतो: उपसताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत धरू नये, कारण जुने म्यान उसवून बोटे कापली जातात. हत्याराशी वागण्याची सुरुवात अशी आपल्याच दुसऱ्या हाताची काळजी घेण्यापासून होते.

म्हणून आम्हांला असे वाटते की, जमवण्यापेक्षा धार लावणे ही श्रेष्ठ गोष्ट आहे. जमवणे पैशाने साधते. धार लावणे पैशाने साधत नाही. जो केवळ जमवतो, तो वस्तूचा मालक होतो. जो धार लावतो, तो काही काळ तरी लोहाराचा उमेदवार होतो. ज्या पात्याने काहीच कापायचे नाही, त्याचेही मग एक प्रयोजन उरते. ते शिकवते.

तथापि शिकणाऱ्यानेही मर्यादा ओळखली पाहिजे. प्रत्येक धार पात्यातील थोडे लोखंड घेऊन जाते. अतिप्रेमाने पाते झिजते. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील हजारो जुनी हत्यारे परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतली. हा सिलेखाना म्हणजे आपल्या बखरींतील शिलेखान्याचाच भाऊ. त्यांतील खुकऱ्या अमेरिका-युरोपातील शौकिनांच्या घरी गेल्या. अनेकींवर पलटणीच्या खुणा व अनुक्रमांक देवनागरीत कोरलेले आहेत. जे अक्षर आपला शाळकरी मुलगा सहज वाचील, ते तेथील मालक भिंग घेऊन लावीत बसतो. अशा पात्याला पुन्हा झळाळी आणावी की नाही, यावर शौकिनांत दोन तट आहेत. आमचा कौल स्पष्ट आहे. नव्या पात्याला धार हवी, कारण त्याचे काम अजून व्हायचे आहे. जुन्याला केवळ तेलाचा हात पुरे, कारण त्याच्यावर दुसऱ्या हातांची अक्षरे आहेत आणि ती पुसण्याचा अधिकार किंमत मोजून मिळत नाही.

परंतु अक्षरे पलटणीची असतात. लोहाराचे नाव बहुधा नसते. हा लोहार कोण? नेपाळात पाते घडवणारा परंपरेने कामी, आणि म्यानावर चामडे चढवणारा सार्की. जंगबहादूर राणांच्या अमदानीतील १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने या दोघांनाही अशा वर्गात घातले की, त्यांच्या हातचे पाणी वर्ज्य आणि त्यांचा स्पर्श झाल्यास शुद्धी आवश्यक. दसऱ्याला शस्त्रे देवघरात पूजेला बसत. ती घडवणारा उंबऱ्याबाहेर उभा राही. ज्याने पात्याला पाणी दिले, त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नव्हते. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने हा भेद कायद्यातून काढला, आणि २०११ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. परंतु ज्याला कायदा पुन्हा पुन्हा करावा लागतो, ते दुखणे कायद्याहून खोल असते. आपण मराठी माणसांनी येथे शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. खंडेनवमीला आपणही हत्यारांना गंधफूल वाहतो. आणि मोटेचे चामडे शिवणाऱ्याला त्याच मोटेच्या पाण्यापासून दूर ठेवणारी गावे आपलीच होती.

यावर कोणी म्हणेल, किंमत दिली की ऋण फिटले. बाजाराचा हा न्याय सोयीचा आहे. पण लोहारकीचा तो मूळ न्याय नव्हे. आपल्या बलुत्यात लोहार विळा एकदाच देऊन मोकळा होत नसे. वर्षभर शेवटून देई, आणि खळ्यावर त्याचा वाटा असे. नेपाळच्या डोंगरात 'बाली घरे' म्हणतात ती रीत अशीच. कामी वर्षभर अवजारे नीट ठेवी, आणि पीक निघाल्यावर धान्य घेई. या रीतीत जुलूम पुष्कळ होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट ती जाणून होती. धार ही एकदा घेऊन संपणारी वस्तू नव्हे. ती पुन्हा पुन्हा बोथट होते, म्हणून घडवणारा आणि वापरणारा यांचा संबंधही पुन्हा पुन्हा जोडावा लागतो. जुलूम गेला हे उत्तम झाले. त्याबरोबर संबंधही जावा, हे मात्र अपरिहार्य नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे कोणास ठाऊक आहेत? पुण्याच्या केळकर संग्रहालयातील अडकित्ते आणि दिवे घडवणारे हात अनामिकच आहेत. म्हणून त्या वस्तूंवरील आपले प्रेम खोटे ठरते काय? मुळीच नाही. परंतु अनामिकता दोन प्रकारची असते. एक काळाने आलेली. तिच्यापुढे आपण केवळ नम्र होऊ शकतो. दुसरी आपल्या बेफिकिरीने निर्माण केलेली. अजिंठ्याचा चित्रकार आता भेटणे नाही. धरानचा लोहार आज भट्टीपुढे बसला आहे, आणि त्याचा मुलगा आखाती देशात किंवा मलेशियात मजुरीला जावे की भाता चालवावा, याचा विचार करीत आहे. त्याचे नाव काळाने पुसलेले नाही; आपण ते विचारलेले नाही.

आणि येथे हा प्रश्न भोजपुराहून नोएडाच्या फाटकापाशी येऊन पोहोचतो. १९५० च्या भारत-नेपाळ कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची व काम करण्याची मुभा दिली. त्या वाटेने आलेले कितीतरी नेपाळी येथील वसाहतींच्या दारांवर रात्रीचा पहारा देतात. उत्तरेकडे या सर्वांना सर्रास एकच नाव आहे, 'बहादूर'. आत दिवाणखान्यात बसलेला शौकीन सिरुपाते आणि भोजपुरी यांतला भेद दहा पावलांवरून सांगतो. मुठीचे शिंग रेड्याचे की लाकूड शिसवाचे हे बोटाने ओळखतो. आणि फाटक उघडणारा मात्र त्याला कोणताही एक बहादूर असतो. पात्यांना नावे आहेत, माणसांना जातिवाचक संज्ञा. रसिकता येथे केवळ अपुरी राहत नाही. ती उलटी होते. ज्या सूक्ष्म दृष्टीचा आपण अभिमान बाळगतो, ती निर्जीवापाशी जागी आणि सजीवापाशी झोपलेली असेल, तर तिला रसिकता म्हणण्यापेक्षा लोभ म्हणणे अधिक खरे होईल.

या छंदाचा त्याग करावा, असे आम्ही म्हणत नाही. हाताने घडलेल्या वस्तूवर प्रेम करणारी माणसे मुळातच थोडी. ती आणखी कमी झाली तर भट्ट्या लवकर विझतील इतकेच. आमचे म्हणणे एवढेच की, प्रेमाला त्याच्या टोकापर्यंत जाऊ द्यावे. पाते विकत घेताना लोहाराचे नाव विचारावे आणि पात्याबरोबर ते लिहून ठेवावे. ज्याला धारेचे कष्ट कळले आहेत, त्याने तरी किमतीत घासाघीस करू नये. रक्ताच्या दंतकथेऐवजी सरपणाची खरी हकीकत सांगावी. आणि दारावरच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी. या गोष्टी लहान आहेत. पण धारही एका दांडगाईच्या घावाने येत नसते. दगडावरच्या असंख्य हलक्या हातांनी येते. लक्ष देण्याचे जे शिक्षण पोलाद आपल्याला फुकट देते, ते माणसापर्यंत नेणे, हीच त्या ऋणाची फेड होय.