वाडवडिलांची पुण्याई

आपले पूर्वज ह्यूगेनॉट होते असे अभिमानाने सांगणारी घराणी लंडनमध्ये आहेत, बर्लिनमध्ये आहेत, दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातही आहेत. अभिमानाचे कारण समजण्यासारखे आहे. फ्रान्समधल्या या कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांना चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या जाहीरनाम्याने उपासनेची मर्यादित मोकळीक दिली, आणि त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, १६८५ च्या ऑक्टोबरात ती काढून घेतली. प्रार्थनामंदिरे पाडली गेली. धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देशाबाहेर जाण्याचा हुकूम झाला. बाकीच्यांना मात्र देश सोडायलाच बंदी. पळताना सापडलेल्या पुरुषाच्या नशिबी राजाच्या गलबतांवर साखळदंडात वल्ही मारणे आणि बाईच्या नशिबी तुरुंग. तरीही दीड-दोन लाख माणसे सीमा ओलांडून गेली. श्रद्धेपायी घरदार, शेत आणि मायबोली सोडणारा पूर्वज कोणाला नको असेल? प्रश्न असा, की त्याच्या त्यागातले वंशजाच्या वाट्याला नेमके येते काय. आडनाव येते, कधी एखादे जुने बायबल येते. पुण्य येते का? माझ्या मते येत नाही. पूर्वजांकडून मिळालेच तर देणे मिळते, आणि ह्यूगेनॉटांचा इतिहास जितका जवळून पाहावा तितके हे उघड होत जाते.

वंश शोधणाऱ्याला शेवटी कागदांकडेच जावे लागते, म्हणून सुरुवात कागदांपासून करू. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच चर्चमध्ये नवा माणूस आला, की त्याने आपल्या गावच्या मंडळीचा दाखला आणायचा अशी रीत होती. दाखल्याशिवाय प्रभुभोजनाला बसता येत नसे. १६८५ नंतर ही रीत कोलमडली, कारण दाखला देणारी मंडळी उरली नव्हती आणि उपदेशक परागंदा झाले होते. त्याहून अवघड गोष्ट अशी, की आलेल्यांपैकी पुष्कळांनी फ्रान्समध्येच आपला पंथ सोडल्याच्या कागदावर सही केलेली होती. १६८१ पासून आधी पुआतू प्रांतात आणि मग इतरत्र राजाचे ड्रॅगून शिपाई ह्यूगेनॉटांच्या घरात मुक्कामाला घातले जात. ते दाणागोटा फस्त करत, सामान विकत, घरच्यांना रात्ररात्र झोपू देत नसत. सही केली की शिपाई शेजारच्या घरी जात. गावेच्या गावे काही दिवसांत ‘कॅथलिक’ झाली ती अशी. हीच माणसे पुढे संधी साधून पळाली आणि लंडनला पोचल्यावर त्यांना भर मंडळीपुढे उभे राहून कबुली द्यावी लागली, की आम्ही डळमळलो, मिस्साला गेलो, आता पस्तावलो आहोत. नाव, गाव आणि अपराध अशा या नोंदी चर्चच्या वह्यांत शेकड्यांनी आहेत. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या ह्यूगेनॉट सोसायटीने असल्या वह्या छापून काढल्या, म्हणून आज त्या कोणालाही वाचता येतात. आपल्या धर्मवीर पूर्वजाला शोधत निघालेल्या माणसाला तो अनेकदा प्रथम दिसतो तो या पानावर, मान खाली घालून उभा असलेला.

यात त्या पूर्वजाला कमी लेखण्यासारखे काही नाही. उलट एकदा मोडून पुन्हा उभे राहणे न मोडण्याइतकेच कठीण असावे. पण मग वंशज ज्याला वारसा म्हणतो त्याचे स्वरूप बदलते. अखंड, अभंग निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरली असे चित्र रंगवायला जागाच राहत नाही, कारण ती निष्ठा त्या एका आयुष्यातही अखंड नव्हती. या सगळ्यावर सर्वांत खोल विचार ज्याने केला त्या पिएर बेलचे आयुष्य पाहा. तो उपदेशकाचा मुलगा. तुलूझला शिकत असताना १६६९ मध्ये तो कॅथलिक झाला आणि पुढच्याच वर्षी परत फिरला. एकदा कॅथलिक होऊन परतणे हा फ्रान्समध्ये गुन्हा होता, म्हणून त्याला जिनिव्हाला पळावे लागले. पुढे तो रॉटरडॅमला स्थिरावला. त्याची लेखणी हाती लागेना, तेव्हा सरकारने त्याचा थोरला भाऊ जाकोब याला पकडले. तो १६८५ च्या नोव्हेंबरात बोर्दोच्या तुरुंगात मेला. पुढच्या वर्षी बेलने ग्रंथ लिहिला, आणि त्यात केवळ आपल्या पंथाची कड घेतली नाही. माणसाचा विवेक चुकत असला तरी तो त्याला बांधून ठेवतो, आणि सक्तीने हाती लागते ते ढोंग, श्रद्धा नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. तो मान्य केला, तर पुढची पायरीही मान्य करावी लागते. राजाला जे दंडुक्याने माणसाच्या मनात घालता येत नाही, ते बापाला रक्तातून कसे घालता येईल? शिवाय पहिला ह्यूगेनॉट झाला तोच मुळी बापाचा धर्म सोडून. कॅल्व्हिनच्या आधी तुमचा पंथ होता कुठे, असे कॅथलिक वादपटू त्यांना सतत विचारत. वाडवडिलांची साक्ष काढणे हे त्या वादात विरोधी पक्षाचे हत्यार होते.

आता थोडे गणित. १६८५ पासून आजवर दहा-अकरा पिढ्या झाल्या. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात त्या एका पातळीवर १०२४ जागा असतात. त्यांतली एक जागा विणकराची, जो रात्री होडीतून निसटला. उरलेल्या १०२३ जागांवर कोण होते? काही घरांत ड्रॅगूनही असेल. शोध साहजिकच आडनावाच्या मागे जातो, आणि आडनाव बापाकडून येत असल्याने निम्म्याहून कितीतरी अधिक माणसे आपोआप गळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केपमधल्या जुन्या घराण्यांत हे फार ठळक दिसते. व्हिलियोंचे व्हिल्युन झाले, ल क्लेर्कचे डी क्लर्क झाले, तरी फ्रेंच मूळ जपून सांगितले गेले. त्याच घराण्यांपैकी अनेकांच्या वंशावळीत बंगाल, मलबार आणि कोरोमंडलहून विकत नेलेल्या गुलाम स्त्रियाही आजी-पणजी म्हणून आहेत. त्यांच्याबद्दल मात्र बराच काळ कोणी अभिमानाने बोलत नव्हते. पूर्वज निवडून घेतला, की तो वारसा राहत नाही. तो आवडीचा विषय होतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला वारसा म्हणू नये.

केपचे उदाहरण मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. १६८८ च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे जेमतेम दोनशे ह्यूगेनॉट नेले. आजच्या फ्रान्सहूक परिसरात त्यांना जमिनी दिल्या, त्यांची मुले डच शाळेत घातली, आणि दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच भाषा संपली. याच लोकांत जाक मालाँ नावाचा एक निर्वासित होता. त्याच्या वंशातला डी. एफ. मलान डच रिफॉर्म्ड चर्चचा उपदेशक होता, आणि १९४८ मध्ये पंतप्रधान होऊन त्याने वर्णभेदाला राज्याचे धोरण केले. थोडा उशिरा, १७१८ मध्ये, केपला नोदे नावाचा दुसरा ह्यूगेनॉट आला. त्याच्या वंशातला बायर्स नोदे हाही त्याच चर्चचा उपदेशक. त्याचा बाप आफ्रिकानरांच्या गुप्त ब्रूडरबाँड संघटनेच्या संस्थापकांपैकी एक आणि तो स्वतः तिचा सभासद. १९६३ मध्ये नोदेने वर्णभेदाविरुद्ध उभे राहून आपली मंडळी सोडली, आणि १९७७ पासून सात वर्षे सरकारने त्याच्यावर बंदीहुकूम बजावला. कुळ सारखे, चर्च तेच, बायबलही तेच. छळापासून पळालेल्या पूर्वजाचे रक्त जर काही शिकवत असते, तर ते एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे कसे शिकवेल? आणि हा फरक पडायला तीन शतके लागलीच पाहिजेत असेही नाही. न्यू यॉर्कचा व्यापारी एली नो धर्म सोडत नाही म्हणून फ्रेंच गलबतावर आणि तुरुंगात कित्येक वर्षे बेड्यांत राहिला, १६९८ मध्ये सुटला, आणि १७०४ मध्ये त्याने न्यू यॉर्कमधल्या गुलामांना शिकवायला शाळा काढली. त्याच वेळी अमेरिकेतले त्याचे निर्वासित धर्मबंधू गुलामांची खरेदी-विक्री करत होते. स्वतः भोगलेल्या दुःखाचा धडाही सगळ्यांनी सारखा घेतला नाही, तिथे नातवंडांची काय कथा.

यावर एक आक्षेप खुद्द कॅल्व्हिनच्या परंपरेतूनच येईल, आणि तो हलका नाही. कॅल्व्हिनपंथी तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. त्यामागची त्यांची भूमिका अशी, की देवाने करार केला तो श्रद्धावंतांशी आणि त्यांच्या संततीशीही. मग वंश गौण कसा? पण हीच परंपरा पौलाच्या रोमकरांस पत्राला मानते, आणि तिथे एकाच आईच्या पोटचे जुळे याकोब आणि एसाव वेगवेगळ्या वाटेला लागतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही अब्राहामाचे वंशज म्हणून मिरवणाऱ्यांना बजावले होते, की अब्राहामाला मुले हवी असतील तर देव ती दगडांतूनही उत्पन्न करील. करार मुलाला दारापर्यंत आणतो, आत नेते ती देवाची निवड, वंश नव्हे, असेच ही परंपराही मानते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ल शांबों-सुर-लिन्यों या डोंगराळ प्रॉटेस्टंट गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी दुसऱ्या महायुद्धात मोठ्या संख्येने ज्यूंना लपवले, वाचवले. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्या गावाचा गौरव केला. छळाची ह्यूगेनॉट आठवण तिथे जिवंत होती म्हणूनच हे घडले, असे अनेक जण सांगतात आणि ते मला पटते. पण आठवण आणि रक्त यांत फरक आहे. त्या गावाला उभे करणारा उपदेशक आंद्रे त्रोक्मे तिथला नव्हता. तो उत्तरेकडच्या सँ-काँतँचा, त्याची आई जर्मन, आणि तो गावात आला १९३४ मध्ये. दर रविवारी मंडळीत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, स्तोत्रे, उपदेश यांतून ती आठवण ज्याच्या कानी पडली, त्याच्यावर ती काम करून गेली. कानी पडणारा तिथेच जन्मलेला असण्याची गरज पडली नाही. वंशावळीच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. उलट इंग्लंडमध्ये अनेक कुटुंबांत तक्ता सुरक्षित राहिला आणि ज्या उपासनेसाठी देश सोडला तीच तीन-चार पिढ्यांत मागे पडली. नातवंडे बिनबोभाट अँग्लिकन झाली.

मग पुण्य उतरत नाही आणि देणे मात्र उतरते, हा दुजाभाव कशासाठी? या शंकेत तथ्य आहे, पण तिचे उत्तर फार अवघड नाही. पुण्य माणसाच्या संकल्पात असते आणि तो संकल्प त्याच्याबरोबर संपतो. देणे मात्र बाहेरच्या वस्तूंत, शेतात, कायद्यात, नोंदवहीत शिल्लक राहते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाते. फ्रेंच क्रांतीने १५ डिसेंबर १७९० रोजी कायदा करून पळून गेलेल्या ह्यूगेनॉटांच्या जप्त जमिनींपैकी सरकारकडे उरलेल्या जमिनी वारसांना परत दिल्या, आणि धर्मासाठी परागंदा झालेल्या फ्रेंच स्त्री-पुरुषांचे कितव्याही पिढीतले वंशज फ्रान्सला परतले तर ते फ्रेंच नागरिक, असे ठरवले. हे कलम १९४५ पर्यंत टिकले. इथे वंश सिद्ध करणे रास्तच होते. शेत परत करता येते, नागरिकत्व परत करता येते. तो कायदा वंशजांना बक्षीस देत नव्हता, राष्ट्र आपले देणे चुकते करत होते.

आणि जे फ्रान्स सोडून गेलेच नाहीत त्यांचे काय? सात-आठ लाखांतले बहुसंख्य मागेच राहिले. ते चोरून डोंगरात, रानात प्रार्थनेला जमत. उपदेशकाने तिथे लावलेले लग्न कायद्याला मान्य नव्हते, म्हणून मुले अनौरस ठरत. मारी द्युराँ ही उपदेशकाची बहीण १७३० ते १७६८ अशी अडतीस वर्षे एग-मोर्तच्या बुरुजात कैदेत होती. या लोकांच्या लग्नांना मान्यता मिळाली ती नोव्हेंबर १७८७ च्या फर्मानाने. त्यासाठी राबो सेंत-एतिएन झटत होता, रानातल्या उपदेशकाचाच मुलगा आणि स्वतः उपदेशक. पण दरबारात हे प्रकरण रेटले ते कॅथलिक मंत्री मालझेर्बने. त्याच्या आजोबांचा भाऊ बाव्हिल हा १६८५ पासून तीसहून अधिक वर्षे लांगदोकचा राजप्रतिनिधी होता. तिथल्या ह्यूगेनॉटांना फाशी, चक्र आणि वल्ह्यांची शिक्षा देणारा तोच, आणि क्लोद ब्रुसों या वकिलीतून उपदेशक झालेल्या माणसाला १६९८ मध्ये माँपेलिएला मारले गेले तेही त्याच्याच अमलात. आपल्या कुळातल्या माणसाने या लोकांचे इतके वाईट केले, तेव्हा थोडेफार भले करणे आपल्याला भाग आहे, असे मालझेर्ब म्हणत असे असे सांगतात. फर्मान निघाल्यावर म्हातारी जोडपी मुला-नातवंडांना घेऊन न्यायाधीशापुढे आली आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लग्ने नोंदवून गेली. मागे राहिलेल्या ह्यूगेनॉट कुटुंबांचा माग काढणाऱ्याला आज ज्या नोंदींचा मोठा आधार असतो, त्या बाव्हिलच्या या चुलतनातवामुळे झालेल्या आहेत.