बागेतल्या तळ्यातली हिंसा कोणाच्या माथी?

मृगाच्या दोन दमदार सरी कोसळल्या की बागेतलं छोटं तळं बेडकांचं होतं. एरवी शेवाळी दिसणारा बैलबेडकाचा नर या दिवसांत पिवळाधमक होतो. घशाच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात आणि त्याचं डरांव डरांव रात्रभर घुमत राहतं. मादी जवळ आली की तिच्या पाठीवर चढून तो पुढच्या पायांनी तिला घट्ट कवळतो. ती पाण्यात अंडी सोडत जाते, तो ती फळवत जातो.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या 103व्या सूक्तात हे बेडूक सोमयागाला जमलेले ब्राह्मण आहेत. एकाचा स्वर दुसरा उचलतो, गुरूमागून शिष्य म्हणतो तसा. शेवटच्या ऋचेत तर ते गोधन आणि दीर्घायुष्य देणारे ठरतात.

काही दिवसांनी मात्र त्याच पाण्यात डोकावणाऱ्याच्या पोटात कालवतं. या जातीचे भैकेर, म्हणजे अंड्यांतून निघालेली शेपटीची पिल्लं, मांसाहारी. एक दुसऱ्याच्या शेपटीचा लचका तोडतो, आणि तो दुसरा अनेकदा त्याचाच भाऊ असतो. हजारो अंड्यांतले मोजकेच जीव बेडूक होऊन काठावर चढतात.

मग ही सृष्टी ज्याची, तो निर्दय आहे का?

ब्रह्मसूत्रांनी हा आक्षेप टाळलेला नाही. ईश्वरावरच्या पक्षपाताच्या आणि क्रौर्याच्या आरोपाला दुसऱ्या अध्यायात उत्तर आहे. शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात पावसाचाच दाखला देतात: भात आणि जव दोघांवर पाऊस सारखाच पडतो, फरक बियाण्याचा. तसंच सुखदुःखाचा भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण चार दिवसांच्या पिल्लाच्या माथी पूर्वजन्मीचं पाप मारताना मन कचरतं. त्याला ते पाप आठवत नाही, भोगून काही शिकताही येत नाही.

जैन आणि बौद्ध श्रमणांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. पावसाळ्यात जमीन जिवांनी भरते, चालताना ते चिरडतात. म्हणून जैन साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी राहतात. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासामागेही हेच कारण विनयपिटकात दिलं आहे. जगात हिंसा का, हे कळेपर्यंत आपलं पाऊल आवरायला ते थांबले नाहीत.

याच बैलबेडकांच्या तंगड्या एकेकाळी भारतातून परदेशी ताटांत जात होत्या. 1987 साली ती निर्यात बंद झाली. भावाला खाणाऱ्या पिल्लाबद्दल ईश्वराला जाब विचारता येईल. त्या तंगड्यांबद्दल माणसालाच विचारावा लागतो. बेडकाची ओली कातडी पाण्यातली रसायनंही शोषून घेते. त्यामुळे तळ्याकाठी तणनाशक फवारायचं की तण हाताने उपटायचं, याचा जाबही बाग राखणाऱ्यालाच द्यावा लागेल.