अनुभवाचा रकाना

नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा झालेल्या मुली नोकरीचा अर्ज भरायच्या आधी फाइल घेऊन माझ्याकडे येतात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी होणारं नूतनीकरण झालंय का, मार्कशीटवरचं माहेरचं नाव आधारकार्डाशी जुळतंय का, एवढं बघून घेतलं की कागद मार्गी लागतात. मुली अडतात त्या अनुभवाच्या रकान्याशी.

परवा एकीने तिथे नुसतं 'स्टाफ नर्स' लिहून आणलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ही पोरगी दोन वर्षं डायलिसिसला होती. फिस्टुलात सुया घालायची, मध्येच पेशंटचं बीपी पडलं तर मशीन पाणी खेचतंय ते आधी थांबवून त्याचे पाय वर करायची. मग लिहिलं का नाहीस? तर म्हणाली, "मॅडम, आजी म्हणते, पुण्य बोलून दाखवलं की सरतं."

आजीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दान गुप्तच असावं. पण हातातलं कसब म्हणजे दान नव्हे. तिने ते लपवलं तर तिला मेडिकल वॉर्डात टाकतील आणि डायलिसिसच्या खुर्चीतल्या माणसाला नवशिका हात मिळेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळावरचा हक्क सोडायला सांगितलंय. केलेलं काम झाकायला नाही. सतराव्या अध्यायात तर सत्य, प्रिय आणि हितकर बोलण्याला वाणीचं तप म्हटलंय. अर्ज ही माझ्या लेखी वाणीच आहे, आणि तिने हित बघायचं ते अजून न भेटलेल्या पेशंटचं.

म्हणूनच फुगवून लिहिणाऱ्या मुलीला मी जास्त कडक बोलते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन लांबून पाहिलेली मुलगी अर्जातल्या कामांच्या यादीत त्यापुढे 'येतं' म्हणून खूण करते. मी विचारते, "स्वतःच्या हाताने केलंस, सिस्टर शेजारी असताना केलंस, की नुसतं पाहिलंस?" जे असेल तेच लिहायला लावते. नाइट ड्युटीला ट्यूब चोंदली की त्या खुणेवर कुणाचा तरी श्वास अवलंबून असतो.

डायलिसिसवाल्या मुलीने शेवटी नीट लिहिलं: हिमोडायलिसिस विभाग, 2 वर्षं. बोलता बोलता तिने एका आजोबांचंही सांगितलं. त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून ड्युटी संपल्यावर ही त्यांना रिक्षात बसवून द्यायची. ते लिहू का, असं तिने विचारलं नाही, आणि मीही सुचवलं नाही. तिथे आजीचंच खरं.