धूसर विमान

विमानाचा फोटो म्हटला की आपल्याकडे एकच अपेक्षा असते: नाकापासून शेपटीपर्यंत सगळं लख्ख दिसलं पाहिजे. खिडक्या मोजता याव्यात, ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं वाचता यावीत. या अपेक्षेत गैर काहीच नाही. विमान ओळखायला आणि त्याची नोंद ठेवायला असाच फोटो लागतो. पण असे शंभर फोटो शेजारी ठेवले तर त्यांतून विमानांची यादी मिळते. ती विमानं कोणत्या गावावरून गेली, खाली कोण उभं होतं, याचा पत्ता लागत नाही.

कोराडीत हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण इथून विमान नेहमी लांबच असतं. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येला आणि कोराडी उत्तरेला. धावपट्टी आग्नेय-वायव्य पसरलेली. त्यामुळे उड्डाण करून उत्तरेकडे वळणारी विमानं इथून चढताना दिसतात आणि त्यांच्याही वर, न थांबता जाणाऱ्या विमानांच्या पांढऱ्या रेघा हिवाळ्यात एकमेकींना छेदतात. देशाच्या मध्यावर असल्याचा हा परिणाम. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरातच एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरकरांचं विमानांशी नातं असं जुनं आहे, पण ते लांबूनच. १९३७च्या विमान नियमांनी सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्र घ्यायला मनाई केली, त्यामुळे हौशी छायाचित्रकाराची जागा कुंपणाबाहेरच राहिली.

फोटोत सगळंच लख्ख नको म्हणून लांबून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, कमी करायची म्हटलं तर प्रकाशशास्त्र आडवं येतं. ४०० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ला उघडून एक किलोमीटरवरच्या विमानावर फोकस केला, तर साधारण अर्ध्या किलोमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळंच स्पष्ट येतं. विमानाचं नाक तेवढं स्पष्ट आणि शेपटी धूसर, असा फोटो हवा असेल तर विमानाच्या खूप जवळ जावं लागतं. कोराडीहून ते शक्य नाही. मग एकच वाट उरते: स्पष्टपणा विमानाला द्यायचाच नाही. तो जवळच्या वस्तूला द्यायचा आणि विमानाला मागे धूसर होऊ द्यायचं.

इथे थोडं गणित करावं, कारण ते सुंदर आहे. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ला उघडली की तिच्या छिद्राचा व्यास सुमारे ४७ मिलिमीटर होतो. दीड मीटरवर, कोराडीच्या जगदंबेच्या देवळाबाहेरच्या दुकानात टांगलेल्या झेंडूच्या माळेवर फोकस केला, तर फार दूरचा प्रत्येक बिंदू त्या माळेच्या पातळीवर जवळजवळ तेवढ्याच, ४७ मिलिमीटरच्या वर्तुळात पसरतो. आता दोन किलोमीटरवरून आडवं जाणारं एअरबस ए३२० घ्या. त्याची लांबी साडेसदतीस मीटर, पण माळेशेजारी ते जेमतेम २८ मिलिमीटर दिसतं. म्हणजे ज्या वर्तुळांत ते विरघळायचं, ती त्याच्याहून मोठी. विमान पुसलंच जातं. निळ्या आभाळावर एक फिकट डाग उरतो आणि तिथे विमान होतं हे सांगूनही कुणाला पटत नाही.

उपाय दोन. छिद्र एफ ११पर्यंत लहान करायचं. वर्तुळ आठ मिलिमीटरच्या आत येतं, विमान ओळखू येतं आणि माळेच्या मागचं-पुढचं वीसेक सेंटिमीटरच स्पष्ट राहतं. किंवा एफ १.८ तसंच ठेवून माळेपासून सहा मीटरपर्यंत मागे सरायचं. तिथून माळेच्या पातळीवर विमान ११३ मिलिमीटरचं होतं, वर्तुळ मात्र ४७चंच राहतं. मला दुसरा उपाय आवडतो. त्यात नुसती माळ न राहता माळ ओवणारी बाईही येते आणि तिच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला पंख आहेत एवढं कळतं.

पंख्याच्या विमानांची अडचण निराळी. भर उन्हात आयएसओ १०० ठेवून एफ १.८ वापरलं तर शटर सेकंदाच्या आठहजाराव्या भागापर्यंत न्यावं लागतं. त्या वेगाला एटीआरचे पंखे जागीच गोठतात आणि विमान खिळ्याला अडकवल्यासारखं दिसतं. गती हवी तर शटर शंभराव्या-दीडशेव्या भागाच्या आसपास हवं आणि मग उजेड अडवायला सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावण्यावाचून गत्यंतर नाही. मे महिन्यात मात्र कोणताच फिल्टर कामाला येत नाही. तापलेली हवाच इतकी थरथरते की लांबचं काही नीट टिपता येत नाही. नोव्हेंबरची सकाळ सर्वांत बरी.

सांजवेळी हिशोब उलटतो. दिवसा पुसलं जाणारं विमान आता त्याच्या दिव्यांमुळे वाचतं. प्रत्येक दिवा एकेक तेजाळ चकती होतो. त्याच वेळी कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे लागतात. त्यांच्याही चकत्या होतात आणि तलावाकाठच्या गवताच्या एका स्पष्ट पात्यामागे पांढरी आणि तांबडी वर्तुळं शेजारी येतात. चिमण्यांवरचे दिवे वैमानिकासाठीच असतात. ६६० मेगावॅटचे तीन संच चालवणारं केंद्र आणि वरून जाणारं विमान यांच्यातला हा अबोल व्यवहार सगळं स्पष्ट असलेल्या फोटोत मला कधी इतका उघड दिसला नाही.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला आणि तो उत्तीर्ण झाला. धनुर्धराला तेवढं पुरतं. छायाचित्रकाराला झाड, भाऊ आणि गुरूही दिसणारा युधिष्ठिरही लागतो. त्यातलं काय धूसर ठेवायचं आणि किती, हे ठरवणं हेच त्याचं काम.

१९३२च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान मुंबईत जुहूला उतरवलं. पुढच्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रुप एफ/६४’ या नावाने पहिलं प्रदर्शन भरवलं. सगळं काटेकोर स्पष्ट असावं हा त्यांचा आग्रह, आणि नावही लेन्सच्या अगदी लहान छिद्रावरून घेतलेलं. त्याआधीची मुद्दाम धुरकट केलेली, चित्रकलेची नक्कल करणारी छायाचित्रं पाहिली की त्यांचा राग समजतो. पण त्यांच्यासमोर डोंगर, झाडं, भोपळी मिरच्या होत्या. वस्तू जागेवर थांबलेली होती. विमान थांबत नाही. ते काही क्षण आपल्या आभाळात असतं आणि तेवढ्यात आपण त्याच्याकडे कुठून पाहिलं, हेच फोटोत यायला हवं.

म्हणून छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांना एक विनंती आहे. विमानाचा फोटो समोर आला की शेपटीवरची अक्षरं वाचता येतात का, हे आधी बघू नका. विमान धूसर असेल तर पुढे काय स्पष्ट आहे ते पाहा, आणि त्या वस्तूवरून तो फोटो कोराडीचाच आहे हे कळत असेल, तर त्याला गुण द्या.