कुमार संघ मरतो केव्हा?

कुमार गटाच्या संघात कुणाला म्हातारं होता येत नाही. आमच्या वेळी नियम साधा होता: वय २० वर्षांपर्यंत, वजन ७० किलोपर्यंत. त्यापुढे गेलात की बाहेर. म्हणजे चार-पाच वर्षांत अख्खा संघ बदलतो. एकही जुना गडी उरत नाही, तरी नाव तेच, जर्सीचा रंग तोच आणि समोरच्या गावाला वाटणारी धास्तीही तीच. मग असा संघ संपला, असं नेमकं कधी म्हणायचं? माणसं गेली तेव्हा? ती तर दरवर्षीच जात होती.

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीचा कुमार कबड्डी संघ काही वर्षांपूर्वी बंद पडला. नाव ग्रामदैवताचं, जसं इकडच्या कितीतरी संघांचं असतं. मी त्यात दोन हंगाम डावा कोपरा खेळलो. आता मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने तो संघ पुन्हा उभा करायचं ठरवलंय. वाडीत त्या वयाची सात मुलं नाहीत. म्हणून महाडच्या बाजूची तयार पोरं मानधनावर घ्यायची, त्यांना आपली जर्सी द्यायची आणि स्पर्धेत उतरायचं, असा बेत आहे. मला वर्गणीचा निरोप आला. पैसे देणं अवघड नाही. प्रश्न असा आहे की, हे पैसे नक्की कशाला जिवंत करतील?

आधी तो संघ कसा झाला ते सांगतो. आमच्याकडची पुरुषमाणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. गावकीच्या खोलीत पथाऱ्या टाकून राहायची आणि संध्याकाळी चाळीच्या मैदानात कबड्डी खेळायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येकांना गावची वाट धरावी लागली. अशाच परतलेल्या एका गिरणी कामगाराने कापणी झालेल्या भातखाचरात फक्कीने रेषा मारल्या. आमचा संघ तिथला. एका शहरी पराभवातून आलेली ती गोष्ट होती, हे मला फार उशिरा कळलं.

प्रशिक्षक असा कधीच नव्हता. लहान पोरं खडे वेचायची, माती भिजवायची आणि रेषेबाहेर बसून बघायची. घोट्याची पकड कशी घालायची, चढाईपटूचे डोळे नाही तर कंबर का बघायची, हे मला माझ्या आधीच्या डाव्या कोपऱ्याने दाखवलं. त्याला त्याच्या आधीच्याने. संघ म्हणजे सात जण नव्हेत. संघ म्हणजे हे देणं-घेणं.

ते कुणी थांबवलं? कुणीच नाही. एक जण महाडच्या एमआयडीसीत लागला. एक डोंबिवलीला मामाकडे गेला. मी इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. प्रत्येकाचं जाणं बरोबर होतं, माझंही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. त्या आकड्यांमागेही अशीच बरोबर असलेली कारणं असणार. आमच्या कामात हे नेहमी दिसतं: प्रत्येक भाग आपापली टेस्ट पास होतो आणि तरी सिस्टिम बसते.

नुकसान झालं की आपण गुन्हेगार शोधतो. तो सापडला नाही की हात झटकतो. मला हे पटत नाही. दोष नसतानाही जबाबदारी असू शकते. वडिलांचं म्हातारपण हा मुलाचा दोष नसतो, तरी काळजी त्यालाच घ्यावी लागते. संघाचंही तसंच. फक्त जबाबदारी कशाची, नावाची की देण्याघेण्याची, हे ठरवायला हवं.

मंडळातल्या तात्यांना मी फोनवर हे बोललो. ते म्हणाले, ‘‘अरे, नाव तरी राहू दे. नाव गेलं की गाव गेलं.’’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शिवाय प्रो कबड्डीत २०१४ पासून हेच तर चाललंय. यू मुंबाचे खेळाडू लिलावातून येतात आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. आमच्या नावाचा अर्थ वेगळा होता: ही पोरं इथल्या मातीत वाढली. आम्हीही मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चुलतभावाला खेळवायचो, हे खरं. पण तो जाताना एखाद्या बारक्याला काहीतरी शिकवून जायचा. मानधनावरचा मुलगा आपलं काम चोख करेल आणि घरी जाईल. त्यात त्याची चूक नाही. पण रेषेबाहेर बघायला कुणी नसेल.

कबड्डीच्या जुन्या प्रकारांपैकी दोन इथे आठवतात. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. समोरच्याला गुण मिळतो आणि हा मैदानातच राहतो. ‘संजीवनी’त बाद झालेला बाहेर बसतो आणि आपल्यातल्या कुणी समोरचा गडी बाद केला, तरच परत आत येतो. तात्यांना संघ अमर हवाय: बाद झालाय हे न मानता मैदानात उभा. मला संजीवनी जास्त खरी वाटते. तिचा नियम कडक आहे. बाहेर बसलेला स्वतःला उठवू शकत नाही. आत कुणीतरी खेळत असावं लागतं.

पुण्या-मुंबईतले आम्ही सगळे बाहेर बसलेले आहोत. आत आहेत ती वाडीच्या शाळेतली नऊ मुलं. त्यात पाच मुली. आजूबाजूच्या दोन वाड्या धरल्या, तर वीसेक होतात. त्यांना एक सपाट मैदान, एक दिवा आणि शनिवार-रविवारी येणारा कुणी शिकवणारा मिळाला, तर जे होईल तो आमचा संघ नसेल. त्याला तीन वाड्यांचं मिळून वेगळं नाव लागेल. आमचं नाव तिथे थांबेल आणि थांबावं. संपलेल्याला संपलं म्हणणं हासुद्धा त्याचा मान आहे.

वर्गणी मी पाठवली आहे. सोबत लिहिलंय की, ती मैदानासाठी आहे, जर्सीसाठी नाही. मंडळाची बैठक पुढच्या रविवारी आहे. तात्या अजून रागावलेले आहेत.