नेम मोडला तर?

नेम मोडला, वारी चुकली, तर देवही हात सोडतो का? वाशीमकडे कीर्तन संपल्यावर हा प्रश्न मला पुष्कळांनी हळूच विचारला आहे.

ख्रिस्ती मंडळींतही हा वाद जुना आहे. १६१८-१९ साली हॉलंडात डॉर्ट येथे धर्मसभा भरली. आर्मिनियसचे अनुयायी म्हणत, कृपा माणूस नाकारू शकतो. सभेने ठरविले, देवाने निवडलेला अखेर ढळत नाही. आपल्याकडे श्रीवैष्णवांत तोच वाद : माकडीचे पिलू आईला स्वतः धरते, मांजरीचे पिलू आईच उचलून नेते.

आता भागवतातील भरतराजा पाहा. राज्य सोडले, पण पाडसात मन गुंतले आणि हरिणजन्म आला. तरी पूर्वस्मृती राहिली. पुढच्या जन्मी तो जडभरत होऊन तरला. पडणे खरे, भोगही खरा. पण केलेले भजन बुडाले नाही.

म्हणून माळेच्या भरवशावर बेफिकीर राहू नका आणि चुकलो म्हणून घरीही बसू नका. गळ्यातली माळ तुटली तर ओवून घातल्याशिवाय आपण अन्न घेत नाही. तोच न्याय नेमाला लावा. ओवायचे हात आपले. ओवण्याची बुद्धी होते, ती कृपा त्याची.