नवखेपणाची पाटी

मोटार शिकणाऱ्याच्या गाडीवर पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर असावे, पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच असावे, शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 सांगतात. आरटीओची चाचणी पार पडून लायसन्स पक्के झाले की हे सगळे एका दिवसात संपते. काल ज्याला एकट्याने गाडी चालवण्याची मुभा नव्हती, तो आज एकटा, रात्री, भर पावसात घाटात गाडी घालू शकतो. वीस वर्षे चाक धरलेल्या चालकापासून त्याला वेगळे ओळखण्याची कोणतीही खूण रस्त्यावर उरत नाही. जपानमध्ये 1972 पासून अशा चालकाला पहिले वर्षभर हिरव्या-पिवळ्या कोवळ्या पानाचे चिन्ह लावावे लागते. आयर्लंडमध्ये 2014 पासून दोन वर्षे ‘एन’ हे अक्षर लावावे लागते, सिंगापूरमध्ये वर्षभर त्रिकोणी पाटी. आपल्याकडेही तसे असावे का, हा प्रश्न वरवर परिवहन खात्याचा वाटतो. त्याच्या तळाशी मात्र एक जुना धर्मप्रश्न आहे: आपले अपुरेपण अनोळखी माणसाला कळवणे हे आपले कर्तव्य आहे काय? माझ्या मते आहे, आणि ते प्रत्येकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

रस्त्यावर कोणी कोणाची ओळख करून देत नाही. तरी तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर चालतो. रस्ता ओलांडणारी बाई समोरच्या गाडीचा वेग बघते आणि चालक आपल्याला पाहून ब्रेक दाबेल असे धरून चालते. मागचा ट्रकवाला पुढची गाडी अचानक काय करील याचा अंदाज बांधून अंतर ठेवतो. नव्या चालकाबाबत नेमके हेच अंदाज चुकतात. एकट्याने गाडी चालवू लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अपघाताचा धोका सर्वांत जास्त असतो आणि सराव वाढेल तसा तो भराभर उतरतो, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. त्याचे कारणही उघड आहे. क्लच आणि गिअरचा मेळ, चढावर थांबवलेली गाडी पुन्हा काढणे, रिव्हर्स घेणे हे चाचणीत तपासता येते. उभ्या बसच्या आडून कोणी धावत येईल हे आधीच हेरणारी नजर काही मिनिटांच्या चाचणीत मोजता येत नाही. नवख्याचे डोळे बॉनेटपुढच्या रस्त्यावर खिळलेले असतात, सराईताचे दूरवर आणि दोन्ही बाजूंना फिरत असतात. चाचणी खोटी नसते. ती अपुरी असते, आणि हे अपुरेपण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

मग खूण नसलेली गाडी इतरांना काय सांगते? अश्वत्थामा मेला असे सांगताना धर्मराजाचा शब्द अक्षरशः खरा होता, कारण त्या नावाचा हत्ती मेला होता. पण द्रोणांच्या मनात त्यातून जे उभे राहिले ते खोटे होते. त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला, असे महाभारत सांगते. नव्या चालकाचे कागदपत्रही असेच अक्षरशः खरे असतात, आणि इतरांच्या मनात त्यांतून उभा राहणारा भरवसा तितका खरा नसतो. यावर कोणी म्हणेल, धर्मराजाच्या मनात फसवण्याचा हेतू होता, या बिचाऱ्याच्या मनात तो कुठे आहे? मान्य. म्हणूनच दोष त्याच्या पदरात टाकता येत नाही. पण दोष नसला म्हणून जबाबदारी सरत नाही. जैन मुनींच्या पाच समितींत ईर्यासमिती आहे: पुढची चार हात जमीन नीट पाहूनच पाऊल टाकायचे. कोणाला दुखवायचे नाही एवढी इच्छा तिथे पुरत नाही. जो चालतो, त्याच्या चालण्याचा भार इतर जीवांवर पडतो, आणि त्याची काळजी चालणाऱ्याने घ्यायची असते. हजार किलोंचे यंत्र घेऊन निघालेल्याला हा नियम अनवाणी मुनीहून सैल कसा असेल?

पहिला आक्षेप तर्काचा आहे. शासनाने एकदा पात्र ठरवले, मग त्यानेच ‘हा अजून कच्चा आहे’ अशी पाटी लावायला सांगणे म्हणजे आपलाच शब्द फिरवणे नाही का? या आक्षेपामागे पात्रता म्हणजे एक उंबरठा आहे, अलीकडे अपात्र आणि पलीकडे पात्र, अशी समजूत आहे. ज्या परंपरांनी माणसाच्या घडणीचा खोलवर विचार केला, त्यांना ही समजूत पटलेली दिसत नाही. बौद्ध संघात उपसंपदा झाली की भिक्खू पूर्ण भिक्खू होतो, संघाच्या कामकाजात त्याला स्थान मिळते. तरीही विनयपिटकानुसार समर्थ भिक्खूनेसुद्धा पहिली पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने, म्हणजे ‘निस्सया’त राहायचे असते, असमर्थासाठी तर या आश्रयाला मुदतच नाही. ज्येष्ठता वर्षावासांवर मोजली जाते, त्यामुळे कोण नवा आणि कोण जुना हे संघात सर्वांना कळते. दीक्षा पुरी आणि परिपक्वता अपुरी, ही दोन्ही विधाने तिथे सुखाने एकत्र नांदतात. परवाना हा अधिकार आहे आणि अनुभव ही अवस्था आहे. अधिकार एका दिवसात देता येतो, अवस्था देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि महाराष्ट्रात तरी तो हलक्याने बाजूला सारता येणार नाही. माणसावर इतरांना ओळखू येईल अशी खूण लादणे याचा आपला इतिहास भयंकर आहे. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून चालावे लागे, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. ‘याच्यापासून जपून राहा’ असे सांगणारी कोणतीही खूण त्या आठवणीच्या उजेडातच तपासली पाहिजे. तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरेत. खूण कशामुळे लागते, जन्मामुळे की कामामुळे? ती कधी उतरते? आणि ती कोणाचे रक्षण करते? झाडू-मडके जन्माने मिळे, मरेपर्यंत उतरत नसे आणि रक्षण करी ते फक्त वरच्यांच्या सोवळ्याचे. नव्या चालकाची पाटी आमदाराच्या मुलाला आणि रिक्षावाल्याच्या मुलीला सारखीच लागेल, ठरलेल्या दिवशी आपोआप उतरेल आणि लावणाऱ्यालाही तितकीच सांभाळील. हा फरक खरा आहे, आणि तो जिथे पुसट होतो तिथे लोक लगेच बिथरतात. जपानने 75 वर्षांवरील चालकांना 2008 मध्ये पिकल्या पानाचे चिन्ह सक्तीचे केले. टीकेनंतर 2009 मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली आणि 2011 मध्ये चिन्हही बदलावे लागले. कोवळ्या पानावर असा गहजब झाला नाही, कारण ते वर्षाने गळून पडते; म्हातारपण उतरवून ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत 2010 पासून 21 वर्षांखालील नव्या चालकांच्या नंबरप्लेटवर लाल पट्टी लागते. त्याने मुलांचे वय परक्यांना कळते, असा आक्षेप पालकांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 2012 मध्ये न्यायालयाने कायदा टिकवला, तरी आक्षेपातले तथ्य संपत नाही. म्हणून खूण वयाला चिकटता कामा नये. अठराव्या वर्षी शिकलेला आणि पन्नाशीत शिकलेली, दोघांना ती सारखीच हवी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. आपल्या रस्त्यांवर पाटी दिसली की लोक सांभाळून घेतील, की हॉर्न वाजवून वाजवून बिचाऱ्याला घाबरवतील? ही भीती खरी आहे, आणि तिचे उत्तर जपानच्या कायद्यात आहे. तिथे चिन्ह न लावणारा दोषी असतोच. पण चिन्ह लावलेल्या गाडीला विनाकारण खेटणारा किंवा तिच्यापुढे घुसणाराही दोषी ठरतो. सत्य सांगणाऱ्यावर कर्तव्य आणि ऐकणाऱ्यावर काहीच नाही, अशी व्यवस्था अन्यायाची होईल. उपयोगाचे म्हणाल, तर न्यू जर्सीत पट्टी आल्यानंतर त्या गटाच्या अपघातांचे प्रमाण सुमारे 9 टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांना आढळले. इतर जपून वागले म्हणून, की खूण अंगावर असल्याने मुलेच नियम पाळू लागली म्हणून, हे वेगळे काढणे अवघड आहे. नऊ टक्के हा काही चमत्कार नव्हे. पण 2022 या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. तिथे दोन पाट्यांच्या खर्चात मिळणारा थोडा लाभही नाकारण्याजोगा नाही.

उरतो तो नीतीच्या बाजूचा आक्षेप: नम्रता सक्तीने येते का? ज्याला वाटेल त्याने लावावी, ब्रिटनमध्ये नव्या चालकाची हिरव्या ‘पी’ची पाटी ऐच्छिकच आहे. पण ऐच्छिक पाटी कोण लावील? जो आधीच भीत भीत, जपून चालवतो तोच. ज्याला आपल्याला सगळे येते असे वाटते, म्हणजे ज्याच्यापासून इतरांना सर्वाधिक धोका, तो ती लावणार नाही. मग पाटी नवखेपणाची न राहता भित्रेपणाची होते, आणि जपून वागणाऱ्यालाच लाज आणते. सक्तीने नम्रता येत नाही, हे कबूल. पण सर्वांना लागू झालेल्या पाटीची लाज मात्र जाते. कायद्याने एवढे साधले तरी पुष्कळ झाले. पाटी म्हणजे चुकांना आगाऊ माफी, असे कोणी समजू नये, म्हणून तिच्यासोबत दंडात सवलत मुळीच नसावी.

दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे सांगितली आहेत, आणि सिद्ध बाहेरून साधकासारखाच दिसतो असे म्हटले आहे. पोचलेला माणूस साधकाचे वागणे टाकून देत नाही. वर्षाअखेर पाटी उतरेल तेव्हा कायद्याचे काम संपेल. पण ज्याने वर्षभर ती लावून मागच्यांनी ठेवलेले अंतर अनुभवले, तो पुढे कोवळे पान लावलेली गाडी दिसली की हॉर्नवरचा हात काढील आणि पाय ब्रेककडे नेईल. असे नियम पाच-दहा वर्षे टिकले, तर रस्त्यावरच्या पुष्कळ चालकांनी कधीतरी ती पाटी लावलेली असेल, आणि नवख्याला वाट देणे ही त्यांना कोणी शिकवावी लागणारी गोष्ट उरणार नाही.